ओल उतरते तेव्हा : भिवंडीचा शरद

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० साली नव्याने ठरवली. पूर्वी ती २९ सप्टेंबर होती, आता ८ ऑक्टोबर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात असताना पडणारा ‘हत्तीचा पाऊस’ भिवंडी तालुक्यातला भातशेतकरी मात्र फार पूर्वीपासून हिशेबात धरत आला आहे. भात निसवलेलं असतं, लोंबी वाकू लागलेली असते आणि दुपारनंतर आभाळ पुन्हा भरून येतं. हा पाऊस गेला की आपल्याकडे खरा शरद सुरू होतो, मग पंचांगात आश्विन कधीही लागलेला असो.

युरोप-अमेरिकेतला शरद म्हणजे पानगळ. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात. तानसाच्या रानातला साग आणि पळस तेव्हा उघडे पडतात. ऑक्टोबरात ही झाडं गच्च हिरवी असतात. म्हणून ‘शरदात काय पाहावं, काय वाचावं, काय रांधावं, काय ल्यावं’ या प्रश्नाचं तिकडचं उत्तर इथे लागू पडत नाही. लोकरीचे गळपट्टे आणि भोपळ्याचं सूप भिवंडीच्या ऑक्टोबरात कुणाच्या कामाचं? इथे आश्विन-कार्तिकाच्या दोन महिन्यांत एकच मोठी गोष्ट घडत असते : चार महिने मुरलेली ओल उतरत असते. ती हवेतून, जमिनीतून, दाण्यातून, कपड्यातून आणि कागदातूनही निघते. हे ध्यानात घेतलं की या ऋतूतलं खाणं, लेणं आणि वाचणं आपोआप जुळत जातं.

आधी उकाड्याचं. ऑक्टोबरातलं दुपारचं तापमान मुंबई-ठाण्याकडे सरासरी ३३-३४ अंशांपर्यंत चढतं, म्हणजे जवळपास मे महिन्याइतकं. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलेला असतो, तरीही एवढा ताप. याचं कारण वाऱ्यात आहे. पावसाळाभर नैर्ऋत्येकडून समुद्रावरचा वारा सतत वाहतो आणि ढग ऊन अडवतात. मोसमी वारे मागे फिरले की दोन्ही आधार एकदम सुटतात. वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येऊ लागतो, आणि त्याच्याशी झगडत समुद्रावरची झुळूक आत शिरते ती दुपार कलल्यावर. भिवंडी समुद्रापासून आत असल्याने तिला ही झुळूक आणखी उशिरा मिळते. त्यातच खाचरं, गटारं, भिंती, सगळं अजून ओलं असतं. ऊन त्यांची वाफ करतं, हवा दमट राहते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. दमट हवेतला ३४ अंशांचा ताप कोरड्या हवेतल्या तेवढ्याच तापापेक्षा अंगाला जास्त जाचतो, तो यामुळे.

आपल्या वैद्यकाने ही अवस्था फार बारकाईने टिपलेली आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेलं शरीर अचानक उन्हाने तापतं, आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, असं त्यात मांडलेलं आहे. त्यावर सांगितलेला आहार म्हणजे कडू, गोड आणि तुरट चवीचं हलकं जेवण : साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध. टाळायच्या गोष्टींत दही, तेल, पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणं, दुपारची झोप, भर ऊन आणि दव यांची नावं येतात. दिवसा उन्हाने तापलेलं, रात्री चांदण्याने निवलेलं आणि अगस्ती ताऱ्याच्या उदयाने निर्मळ झालेलं पाणी, ज्याला ‘हंसोदक’ म्हणतात, तेही याच प्रकरणात आहे. ताऱ्याने पाणी शुद्ध होतं असं आज कुणी म्हणणार नाही. पण पावसाचा गढूळपणा खाली बसून पाणी नितळ व्हायला आणि अगस्ती पहाटेच्या आकाशात ठळक दिसायला गाठ एकाच वेळी पडते. ज्याने हे लिहिलं त्याने नदी आणि आकाश दोन्ही नीट पाहिलेलं होतं.

मला या यादीतलं पडवळ फार मोलाचं वाटतं. आश्विनात बाजारात पडवळ, दुधी, दोडका, मोठी काकडी असं वेलावरचं सगळं भरभरून असतं, आणि आपण मात्र बाराही महिने तीच बटाटा-फ्लॉवरची भाजी करतो. पडवळाची डाळ घालून केलेली भाजी, मुगाचं वरण आणि मऊ भात, एवढ्यावर ऑक्टोबरातलं रात्रीचं जेवण उत्तम होतं. कोजागरीचं केशर-वेलचीचं दूध त्याच बेतातलं आहे, ते गोड आणि स्निग्ध असतं. ते फार आटवू नये आणि बदाम-पिस्त्यांनी जड करू नये, एवढंच.

या ऋतूचं मुख्य अन्न मात्र भात. कोकणात आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधतात आणि नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. तोपर्यंत हळवं भात कापणीला आलेलं असतं. निमगरवं त्यामागून येतं आणि गरवं पार नोव्हेंबरात. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की पिवळ्या, अर्धहिरव्या आणि हिरव्या खाचरांचे चौकोन शेजारी शेजारी दिसतात, ते याच तीन वाणांमुळे. पुढे वाडा लागतो. तिथल्या झिणी तांदळाला, म्हणजे वाडा कोलमला, २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

कापणीच्या वेळी दाण्यात वजनाच्या २० ते २४ टक्के पाणी असतं. साठवायचं तर ते १४ टक्क्यांच्या खाली आणावं लागतं, नाहीतर बुरशी धरते, दाणा तापतो, किडे होतात. हे जास्तीचं पाणी काढणं हीच सुगीतली सगळी कसोटी. कापलेलं भात दोन-तीन दिवस खाचरातच पसरून ठेवतात, मग भारे बांधून उडवी रचतात आणि खळ्यावर झोडतात. घाई करून कडक उन्हात एकदम वाळवलं तर दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत तांदळाऐवजी कणीच जास्त पडते. उशीर केला आणि मध्येच पाऊस आला तर कापलेल्या लोंबीतच कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठलं. त्या वेळच्या अवकाळी पावसाने कोकणपट्टीत कापून ठेवलेलं भात खाचरातच भिजलं. वर्षभराचं अन्न डोळ्यांसमोर उगवून येताना पाहणं काय असतं ते ज्या घरांनी सोसलं, त्यांना ‘ऑक्टोबरात पाऊस आला, बरं गार झालं’ हे शहरी वाक्य ऐकवत नाही.

नवा तांदूळ घरात आला की त्याला नव्यासारखंच वागवावं. साठवणीत दाण्यातले स्टार्च, प्रथिनं आणि स्निग्धांश बदलतात. दाणा घट्ट होतो, जास्त पाणी पितो आणि शिजल्यावर मोकळा राहतो. नव्या तांदळाचं तसं नसतं. तो थोड्या पाण्यात लवकर शिजतो आणि चिकट होतो. म्हणून पुलाव-बिर्याणीला जुना तांदूळ, आणि पेज, पानगी, पातोळे, मऊ भात यांना नवा. आगरी घरात तांदळाची भाकरी पिठाची उकड काढून करतात. नव्या तांदळाच्या पिठाला चिकटा असल्याने ती थापताना चिरत नाही. त्याच तांदळाचं भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुस्लिम घरांत सांदण होतं, आंबवून वाफवलेलं, जाळीदार. एकाच खाचरातला दाणा दोन स्वयंपाकघरांत किती वेगळा होतो, हे पाहायचं तर दोन्ही घरांत जेवायला हवं.

अनारशांना मात्र जुनाच तांदूळ हवा. तो तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. या काळात तांदूळ किंचित आंबतो आणि आतपर्यंत मऊ होतो. मग पंच्यावर पसरून सावलीत निथळतात, पण पूर्ण वाळू देत नाहीत. ओलसर असतानाच कुटून, चाळून गुळात कालवतात आणि पीठ चार-पाच दिवस मुरत ठेवतात. मुरताना गूळ पाणी सोडतो आणि कोरडं वाटणारं पीठ मऊ होत जातं. ओल नेमकी असेल तर खसखशीवर थापलेला अनारसा मंद आचेवर तुपात एकाच बाजूने तळताना वर जाळी धरतो. ओल जास्त झाली तर अनारसा हसतो, म्हणजे कढईतच पसरून विरघळतो. दिवाळीच्या साऱ्या फराळात हवेतल्या दमटपणाचा इतका कडक जाब विचारणारा दुसरा पदार्थ नाही. पावसाळी हवा रेंगाळलेल्या वर्षी अनारशांचं पीठ एक दिवस जास्त निथळायला ठेवावं, हा माझ्या घरच्या मोठ्या बायकांचा सल्ला मला आजवर उपयोगी पडला आहे. कार्तिक शुद्ध नवमीला, आवळी नवमीला, आवळ्याखाली जेवायचं आणि त्या सुमारास मोरावळा घालायचा, हेही ऋतूला धरूनच आहे.

आता कपड्यांकडे, कारण त्याबाबतीत भिवंडीला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतले मोमीन विणकर इथे येऊन वसले. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि हे गाव देशातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झालं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाखांवर होती, आणि यातल्या किती घरांची चूल लुमांच्या खडखडाटावर पेटते हे कुठल्याही गल्लीत उभं राहिलं की कळतं. इथे विणला जातो तो मुख्यतः कोरा कपडा, ज्याला धंद्यात ‘ग्रे’ म्हणतात. रंगणावळ आणि छपाई पुढच्या टप्प्याला, बरीचशी दुसऱ्या गावांत.

कापूस आणि पाणी यांचं नातं लुमावर काम करणाऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. सुती धागा ओलसर असताना जास्त मजबूत असतो. त्यामुळे पावसाळ्यात ताण्याचे धागे कमी तुटतात. हवा कोरडी पडू लागली की तुटी वाढतात, लूम थांबतो, कारागीर गाठी मारत बसतो आणि दिवसाचं कापड कमी निघतं. त्यावर उपाय म्हणून ताण्याला खळ चढवतात. हेच सायझिंगचं काम. काही कारखान्यांत हवेत पाण्याचे तुषारही सोडतात. कारागिराची कमाई त्याने विणलेल्या कापडाच्या मापावर असते. त्यामुळे आपल्याला कार्तिकात हवीहवीशी वाटणारी कोरडी हवा त्याच्या मजुरीतून काहीतरी काढून घेते.

हाच धागा अंगावर आला की त्याचा गुण उलट बाजूने दिसतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तेवढंच पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या घामात सुती कापड अंगावरची ओल ओढून घेतं आणि बाहेरच्या हवेला देतं, तर साधं पॉलिस्टर अंगाला चिकटून राहतं. रेयॉन कापसाहूनही जास्त पाणी पितं, पण ओलं झालं की त्याचा धागा कमजोर होतो, म्हणून ते पिळून धुऊ नये. दुकानात कापड घेताना ते उजेडासमोर धरून बघावं. विणीतून बारीक उजेड दिसणारं मलमल किंवा वॉइल दुपारसाठी, आणि थोडं घट्ट विणलेलं कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन संध्याकाळसाठी. वाग्भटाने शरदाच्या संध्याकाळी स्वच्छ वस्त्र नेसून, चंदन आणि वाळ्याची उटी लावून गच्चीवर चांदण्यात बसायला सांगितलं आहे. आजच्या भिवंडीत त्यात एक भर घालावी लागेल : बाह्या लांब असू द्याव्यात. पाऊस थांबल्यावर साचून राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो आणि तो दिवसा चावतो. पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा हा या महिन्यात उन्हावरचा आणि डासावरचा एकच उपाय आहे.

नवरात्रातले नऊ रंग आता सगळीकडे पोचले आहेत. ही प्रथा जुनी नाही. या शतकाच्या सुरुवातीला मराठी वृत्तपत्रांतून ती पसरली. घटस्थापनेच्या वाराचा जो रंग, त्यापासून क्रम सुरू होतो. या नऊ दिवसांसाठी नवीन साड्या घ्यायच्या की कपाटातल्या बाहेर काढायच्या, यात मी दुसऱ्या बाजूची आहे. चार महिने बंद राहिलेल्या साड्यांना हवा लागायला याहून चांगलं निमित्त नाही.

पाहण्यासारखं या गावात इतकं असतं की लोक शरद पाहायला बाहेरगावी का जातात, हे मला समजत नाही. पद्मानगर भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. सर्वपित्री अमावस्येपासून तिथल्या बायका बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे तुरे, झेंडू यांचे थर एकावर एक रचत निमुळता मनोरा करायचा, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. त्याच दिवसांत मराठी आळ्यांत हत्तीचं चित्र मधे ठेवून भोंडल्याचा फेर धरला जातो आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. एक फेर फुलांभोवती, एक हत्तीभोवती, दोन्ही पाऊस सरतानाचे, दोन्ही बायकांचे. एकाच संध्याकाळी दोन्ही पाहता येतात असं गाव क्वचितच. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी उत्तर प्रदेश-बिहारचे जे कामगार गावी गेलेले नसतात, ते तलावाकाठी छठचं अर्घ्य द्यायला जमतात. वज्रेश्वरीच्या देवळात नवरात्राची गर्दी असते. वसईची मोहीम फत्ते व्हावी म्हणून चिमाजी अप्पांनी तिथे नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर हे देऊळ उभं राहिलं.

शेतात गेलात तर मान वर करून चतुर पाहा. भात पिकताना पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे खाचरांवर घिरट्या घालतात. शास्त्रज्ञ त्याला पँटाला फ्लॅवेसेन्स म्हणतात. जेमतेम पाच सेंटीमीटर लांबीचा हा कीटक. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर हे चतुर लाखोंनी उतरतात, तेही जिथे अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाही अशा ठिकाणी. ते भारतातून येतात आणि माघारी फिरणाऱ्या पावसाच्या मागे, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे निघतात. त्यांची पिल्लं तात्पुरत्या डबक्यांत वाढतात, म्हणून आयुष्यभर त्यांना पावसाच्या मागे धावावं लागतं. जाण्या-येण्याचं पूर्ण चक्र काही पिढ्यांत मिळून पुरं होतं. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याच्या बांधावर दिसलेला चतुर समुद्र ओलांडायच्या तयारीत असू शकतो, हे कळल्यावर त्याला दोरा बांधून उडवण्याचा मुलांचा खेळ बघवत नाही.

आकाश पाहायचं तर दिवस थोडेच मिळतात. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, ढग गेलेले असतात, आणि थंडीतली धुरकट हवा अजून सुरू झालेली नसते. नोव्हेंबर चढला की रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, आणि वाहनांचा, सायझिंगच्या बॉयलरांचा धूर तिथेच कोंडतो. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून पंधरा-वीस दिवस धरावेत, आणि कोजागरीचा चंद्र पाहून झाल्यावर अमावस्येकडच्या रात्री निवडाव्यात. गोदामांचे दिवे मागे टाकून पडघ्याच्या पुढे जावं. रात्री साडेनऊ-दहाला डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांचे तारे मिळून तो होतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून पुढे गेलं की साध्या दुर्बिणीतही धुरकट ठिपका सापडतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. आणि पहाटे पाचला उठलात तर दक्षिणेला क्षितिजापासून फार वर नसलेला तेजस्वी अगस्ती, वाग्भटाच्या पाण्याचा साक्षीदार.

वाचनाची बाब मराठी माणसाला सांगावी लागत नाही, कारण या ऋतूचं साहित्य आपण वेगळं छापतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पण ही गोष्ट इथे रुजली ती नकलेमुळे नव्हे. दाणा घरात आलेला, हातात चार पैसे, आणि रात्री लांबत चाललेल्या. वाचायला याहून सोयीचा काळ वर्षात नाही. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्यावी. भिवंडीच्या दोन बाजूंना दोन जुनी, भरलेली वाचनालयं आहेत : १८६४ सालचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय, आणि १८९३ साली ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय.

अंकांच्या जोडीला दोन पुस्तकं. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग शरदाचा आहे. मराठी अनुवाद हाताशी घेऊन एका बैठकीत वाचून होतो. आणि दुर्गाबाई भागवतांचं १९५६ चं ‘ऋतुचक्र’, त्यातले आश्विन आणि कार्तिक. ते पुस्तक महिन्यामहिन्याने वाचायचं असतं, म्हणजे पानावरचं झाड खिडकीबाहेर सापडतं.

वाचण्याआधी कपाट उघडा. कागद हाही कापसासारखाच सेल्युलोजचा, तोही हवेतली ओल पितो. चार महिन्यांत पुस्तकं फुगलेली असतात, पुठ्ठ्यांवर बुरशीचे ठिपके आलेले असतात, मागे कसर लागलेली असते. आपण ती उचलून कडक उन्हात ठेवतो ते बरोबर नाही. उन्हाने शाई फिकी होते आणि कागद ठिसूळ पडतो. पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर, पानं किंचित उघडून उभी करावीत. कोरड्या ब्रशने बुरशी घराबाहेर झाडावी, नाकाला रुमाल बांधून. कपाटाची फळी दोन दिवस रिकामी ठेवून मगच पुस्तकं परत लावावीत, तीही भिंतीला न चिकटवता.

कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेला दव पडू लागतं. दुचाकीवरून कामाला निघणाऱ्याला उपरणं किंवा ओढणी लागते, दुपारी मात्र तीच मलमल. भात निघून गेलेल्या खाचरात तेव्हा खाली थोडी ओल शिल्लक असते. पाणी न देता तेवढ्यावर वाल आणि हरभरा पेरतात, आणि त्या वालाच्या शेंगा जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येतात.